बिनदेवाचा डोंगर

सुशीलावहिनी नवऱ्याला, सासूला आणि पानवेलीला सोडून हिमालयात चालली, तिथे ती संन्यास घेणार, केस उतरवणार आणि गुहेत राहणार, अशी बातमी ब्याऐंशी सालच्या होळीच्या सुमारास आमच्या आळीत फिरली. वसईच्या बाजारातून निघाली तेव्हा त्या बातमीत नुसता हिमालय होता. निर्मळच्या नाक्यावर तिला संन्यास चिकटला. केस आणि गुहा कुणी घातली ते मला पक्कं माहीत आहे, पण सांगणार नाही. माणसाने स्वतःबद्दल फार बोलू नये.

दोन दिवसांत बातमी खोटी ठरली. वहिनी संन्यास-बिन्यास काही घेणार नव्हती. ती हिमालयातल्या एका बर्फाच्या डोंगरावर चढणार होती, चढून झालं की उतरणार होती आणि मे महिन्यात निघून अठराव्या दिवशी घरी येऊन भाताला आधण ठेवणार होती. हे कळल्यावर आळीची फार निराशा झाली. संन्यास कसा, लोकांना समजतो. भजनी मंडळाने निरोपाचे तीन अभंग काढून ठेवले होते. आमच्या बाबूने तर भाषणही लिहून काढलं होतं. त्यात 'त्याग' हा शब्द नऊ वेळा होता. आता घरी परत येणाऱ्या बाईसाठी ते वाचता येईना आणि एवढं लिहिलेलं फाडवेना. शेवटी बदली होऊन चाललेल्या तलाठ्याच्या निरोप समारंभात ते वाचलं गेलं. तलाठी रडला म्हणतात.

ज्यांना आमची आळी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. निर्मळहून वसईकडे येताना डाव्या हाताला जी पंधरा घरं नारळीत बुडालेली दिसतात, ते आम्ही. प्रत्येकाच्या घरामागे वाडी, वाडीत केळी, नारळ आणि पानवेल. हिरामण राऊताची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये शेवग्याचं कुंपण आहे. शेवग्याला पानं किती बारीक असतात ते आपण जाणताच, त्यामुळे मला जे दिसतं ते मी मुद्दाम बघतो असं नाही.

हिरामणची बायको सुशीला. एकोणिसाव्या वर्षी आगाशीहून या घरात आली, ब्याऐंशी साली चव्वेचाळीस वर्षांची होती. दोन लेकी, दोघी आपापल्या घरी नांदणाऱ्या. ही बाई पंचवीस वर्षं पानांची पाटी डोक्यावर घेऊन वसईच्या बाजारात चालत जायची आणि येताना त्याच पाटीत घरचं मीठ-मिरची आणायची. हिरामण स्वतः सज्जन माणूस. त्याला नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. म्हणून तो बराचसा वेळ पान खातो. घरात शब्द चालतो त्याच्या आईचा, रखमाकाकीचा.

आता हिमालय मध्येच कुठून आला? तर तुंगारेश्वरावरून.

दर महाशिवरात्रीला आमच्या आळीतून बायका तुंगारेश्वराला जातात. ज्याला जमत नाही त्याने जाणाऱ्याच्या पाटीत आपला नारळ टाकायचा, मनातली गोष्ट सांगायची आणि आपल्या कामाला लागायचं, ही आमची जुनी पद्धत. देवालाही ती मान्य असावी, नाहीतर इतक्या वर्षांत काही बोलला असता. हळूहळू जमणाऱ्या बायका कमी झाल्या आणि न जमणाऱ्या वाढल्या. त्या वर्षी आळीतून एकटी सुशीलावहिनी गेली. तिच्या डोक्यावर बत्तीस नारळ होते.

त्याच दिवशी विनी टीचर शाळेच्या मुलींना घेऊन त्याच डोंगरावर सरावाला आली होती. विनी आमच्या पलीकडच्या ख्रिस्ती आळीतली, शाळेत खेळ शिकवते, शिट्टी गळ्यात घालूनच जन्माला आली असावी अशी. चढणीवर तिच्या मुली झाडाला टेकून धापा टाकत होत्या, तेवढ्यात खालून एक अनवाणी बाई डोक्यावर पाटी घेऊन आली, "बायांनो, जरा वाट द्या," म्हणाली आणि पुढे निघून गेली. विनीने घड्याळ बघितलं. मग मुलींना तिथेच सोडून ती बाईच्या मागे धावली.

"काकी, दमला नाहीत?"

"दमले ना. पण पाटी खाली ठेवली तर परत डोक्यावर कोण चढवून देणार? त्यापेक्षा चालत राहिलेलं बरं."

विनीने तिथल्या तिथे तिला सांगितलं की बायकांची एक तुकडी हिमालयात न्यायची आहे, बेसिल सर नावाचे वाटाडे आहेत, पाच दिवस चढायचं आहे, अठरा हजार फूट. वहिनीने दोनच प्रश्न विचारले. पहिला, तिथे थंडी किती. दुसरा मला तेव्हा कळला नाही, विनीनेही सांगितला नाही. तो शेवटी कळला.

बेसिल सर वांद्र्याला राहायचे, पण मूळचे इथलेच, पापडीचे. डोंगर चढायचं सरकारी शिक्षण घेऊन आलेले, अंगाने काटक आणि बोलायला त्याहून काटक. त्यांच्या अटी विनीने कागदावर लिहून आणल्या. जागा दहा, नावं बारा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तुंगारेश्वरावर परीक्षा. पाठीवर बारा किलोची सॅक, पायात बूट, साडेतीन तासांत माथा. दोघी गळणार. शिवाय लग्न झालेल्या बाईच्या फॉर्मवर नवऱ्याची सही. बारा जणींत चाळिशी ओलांडलेली एकटी आमची वहिनी, त्यामुळे कोण गळणार याबद्दल आळीत मतभेद नव्हते.

सहीचा कागद हिरामणपुढे आला तेव्हा मी योगायोगाने त्यांच्या ओटीवर होतो. रखमाकाकी पानं पुसत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोनता देव हाय तिथं?"

तिच्या आधी आळीतल्या सात-आठ जणांनी हेच विचारलं होतं. आमच्याकडे माणूस डोंगर चढतो तो देवासाठी. वर देव नसला तर जळणासाठी. जळणाला कुणी हिमालयात जात नाही. विनीच्या नकाशात तर त्या शिखराला धड नावही नव्हतं, नुसता आकडा होता. हिरामणने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, पानाची पिंक टाकून यायला अंगणात गेला आणि परत येऊन म्हणाला, "हिमेश्वर."

"कोन?"

"हिमेश्वर. महादेवच. फार जागृत आहे."

सुशीलावहिनी काहीतरी बोलायला गेली, पण हिरामणने तिच्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं की ती गप्प राहिली. रखमाकाकीने दोन्ही हात कपाळाला लावले. "मग जाऊ दे तिला. पन सही परीक्षा झाल्यावर. नापास झाली तर उगा कागद खराब."

मी बाहेर पडलो आणि ही गोष्ट फक्त तीन घरांत सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून हिमेश्वराचे नारळ यायला लागले.

वहिनीने प्रत्येकाला सांगून बघितलं, की अहो, सामानाला वजनाची हद्द आहे, पाठीवर स्वतःचे कपडेच मुश्किलीने मावतील. लोक म्हणायचे, "एवढासा तर आहे," आणि नारळ ओटीवर ठेवून नमस्कार करून जायचे. एकाचा एवढासा नारळ खरंच कुणाला जड नसतो. आठवड्याभरात ओटीच्या कोपऱ्यात एकवीस झाले. खोटं का बोलायचं, त्यात एक माझाही होता.

तेवढ्यात बूट आले. बेसिल सरांनी मुंबईहून बायकांच्या मापाचे बूट पोत्यातून आणले होते. वहिनीच्या पायात एकही जाईना. पंचवीस वर्षं पाण्याच्या पाटात आणि चिखलात अनवाणी वावरलेले पाय, त्यांची बोटं एकमेकांशी बोलत नाहीत, आपापली जागा धरून असतात. सरांनी शेवटी स्वतःच्या मापाचा, पुरुषांचा नऊ नंबर काढला. तो बसला.

"हे रोज दोन तास पायात पाहिजेत," सर म्हणाले. "आधी पाय बुटाची सवय करून घेतील, मग बूट पायाची. नाहीतर वर फोड येतील आणि बर्फात फोड म्हणजे खेळ खलास."

"रोज दोन तास कुठे घालू?" वहिनीने विचारलं.

"कुठेही. काम करताना घाला."

इथेच सरांचं चुकलं. वांद्र्याला राहून माणूस विसरतो. पानवेलीत चप्पल घालून कुणी शिरत नाही. वेल सोवळी असते, पायताण दिसलं की रुसते, पानं काळी पडतात, हे आम्ही चालायला शिकण्याआधी शिकतो. वहिनीचा अर्धा दिवस वेलीत. उरलेला स्वयंपाकघरात, तिथे बूट नाही. अंगणात तुळस, तिथेही नाही. ओटीवर देवाचे नारळ. रखमाकाकीने घर, अंगण आणि वाडी असं सगळं बोटाने दाखवून सांगितलं की बूट कुठे-कुठे चालणार नाहीत. हिशेब केला तर बूट चालतील अशी त्या घरात फक्त हवा उरली.

पहिल्या दिवशी ती रस्त्यावर चालली. पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, खाली पोलिसासारखे काळे बूट. समोरून येणाऱ्या म्हशी बिचकल्या. आळीतल्या हंसाने खिडकीतून विचारलं, "वहिनी, होमगार्डात भरती झालात?" नाक्यावरच्या दुकानाच्या फळीवर नेहमी चौघे बसतात, त्या दिवशी अकरा होते. दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर गेली नाही. मला वाटलं, झालं, हिमालय संपला.

तिसऱ्या दिवशी चार वाजता शेवग्याच्या फटीतून बघतो तर बाई रहाटावर.

हिरामणच्या विहिरीवर जुना रहाट होता. वीज येऊन पंप बसल्यापासून तो बंद पडलेला. त्याच्याभोवती रेडा फिरायचा ती गोल वाट मात्र तशीच होती, वर्षानुवर्षं खुरांनी तुडवून दगडासारखी झालेली. ती वाट घरात नाही, अंगणात नाही, वेलीतही नाही. तिथे शेणाने माखलेल्या खुरांना कुणी कधी अडवलं नव्हतं, तर बुटांना कोण अडवणार? रखमाकाकीलाही बोट दाखवायला जागा सापडली नाही. वहिनीने पाठीवर सॅक बांधली, त्यात ओटीवरचे नारळ भरले आणि रेड्याच्या वाटेवर फेऱ्या घालायला लागली.

दुसरी अफवा मी उठवलेली नाही, देवाशपथ. ती आपोआप उठली. 'हिरामणचा पंप जळला आणि त्याने बायकोला रहाटाला जुंपली.' लोकांना पटलंही, कारण हिरामण विहिरीच्या कठड्यावर बसून पान खात असायचा. आमचा वायरमन ॲन्सेल्म न बोलावता पेटी घेऊन आला.

"राऊतशेट, पंपाचं मला सांगायचं ना! बाईमाणसाला असं करतात?"

"पंप चालू आहे रे!"

"मग ती का फिरते?"

"हिमालयात जायचंय."

ॲन्सेल्मने फिरणाऱ्या वहिनीकडे दोन फेऱ्या होईपर्यंत बघितलं. मग खालच्या आवाजात मला विचारलं, "याच्या डोक्यावर हा परिणाम कधीपासून?"

एकदा फटीतून माझा डोळा वहिनीला दिसला. ती चालता-चालताच म्हणाली, "भावोजी, रोज बघतच असता, तर फेऱ्या तरी मोजा. मला श्वास आणि आकडा दोन्ही धरता येत नाही."

असा मी त्या मोहिमेत दाखल झालो. कुंपणाच्या या बाजूला पाटावर बसून चिंचोके ठेवायचे, फेरीला एक. पहिल्या आठवड्यात दीडशे फेऱ्या, मग दोनशे, मग अडीचशे. एकदा मला जरा डुलकी लागली आणि मी अंदाजाने दोनशे सांगितले.

"दोनशे चौदा झाल्या," वहिनी म्हणाली. "चौदा वेळा तुम्ही घोरत होतात."

मी तिची थट्टा करायचो ती नेहमीचीच. "वहिनी, गोल फिरून हिमालय येत नाही, तो उत्तरेला आहे." ती न थांबता पुढची फेरी घ्यायची. शनिवारी सगळ्या बारा जणी कळंबच्या किनाऱ्यावर रेतीत पळायच्या. तिथे वहिनी हिरामणची जुनी पँट घालून गेली. ती त्याने लेकीच्या लग्नात शिवलेली. हिरामणचं म्हणणं, माझ्या अंगात ती पँट इतकी कधी पळाली नव्हती. मुली पुढे जायच्या, वहिनी मागे. पण तासाभराने मुली बसायच्या आणि वहिनी अजून मागूनच पळत यायची.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कुंपणाजवळ थांबून ती पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलली. पाय बुटातून काढले होते, टाचा लाल झाल्या होत्या.

"भावोजी, उद्या गळले तर काय म्हणाल?"

"काय म्हणणार? म्हणेन, तरी मी सांगत होतो."

"ते म्हणालच. पण मला परत बाजारात पाटी घेऊन त्याच रस्त्याने जायचंय आणि त्या फळीवर अकरा जण असतील. म्हणून गळायचं नाही." एवढं बोलून ती बूट हातात घेऊन अनवाणी वेलीत शिरली. मला नेहमीसारखं काहीतरी सुचलं होतं, पण ते मी गिळलं. असं माझं क्वचित होतं.

रविवारी सकाळी सहा वाजता तुंगारेश्वराच्या पायथ्याला आम्ही हजर. बारा बायका, विनी, बेसिल सर, हिरामण, आणि आळीचा प्रतिनिधी म्हणून मी. सरांनी झाडाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगला होता. एकेक सॅक लटकवून ते वजन बघत होते. सगळ्यांच्या सॅकमध्ये सांगितल्याप्रमाणे वाळूच्या पिशव्या. वहिनीची सॅक टांगली तशी ती आतून खडखडली. सरांनी उघडून बघितलं.

"हे काय?"

"बारा किलो," वहिनी म्हणाली.

"मी वाळू सांगितली होती."

"सर, वाळू वर नेऊन काय करू? आमच्यात रिकामी फेरी घालत नाहीत."

सरांनी काटा बघितला. एकवीस नारळ, बरोबर बारा किलो. नियमात वाळूच हवी असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सॅक उतरवून दिली. तेवढ्यात मागून हाक आली, "थांब गो बाय! थांब!"

खाडीकडच्या भातशेतीतली धोंडूबाई, आळीत सुकी मासळी विकायला येते ती, धापा टाकत येत होती. दोन्ही हातांत एकेक नारळ. "पोराला नोकरी लागू दे म्हनून येक, आनि लागली तर टिकू दे म्हनून येक. पानी सुद्धा न पिता आले बघ."

"बाराच्या वर एक ग्रॅम नाही," सर म्हणाले. "काढा नाहीतर नाव काढतो."

धोंडूबाईचा चेहरा पडला. वहिनीने दोन्ही नारळ घेतले, माझ्या हातात दिले. "भावोजी तुम्ही येताच आहात वर. गप्पा तर दोन नारळांच्या वजनाच्या मारता."

सगळे हसले. हिरामणसुद्धा. शिट्टी वाजली.

आता माझं काय झालं ते थोडक्यात. देवळापर्यंत मी नीट आलो. देऊळ लागलं तेव्हा वहिनी बूट घालूनच पुढून निघाली, वाटेवरूनच हात जोडून म्हणाली, "येताना येते." हिरामणला घाम फुटला, देवाला बूट दाखवून बायको चालली! पण थांबली असती, बूट काढले असते, पाय धुतले असते, तर वीस मिनिटं गेली असती. देवळाच्या पुढच्या तिसऱ्या वळणावर मी बसलो. दोन नारळ म्हणजे एक-सव्वा किलो, पण ते हातात धरायचे की काखेत, हेच मला तासभर ठरवता आलं नाही. हिरामण माझ्या सोबतीला म्हणून बसला, असं तो अजून सांगतो.

पुढचं विनी टीचरने सांगितलं. कातळाच्या चढणीवर ऊन मावेनासं झालं. दोन तासांनी एका कॉलेजातल्या मुलीने बूट काढून फेकले, सरांनी वहीत काट मारली. दुसरी पाण्याशी बसली ती उठलीच नाही. त्यांच्यापुढे चाललेल्या बाकीच्यांचं चालूच होतं. वहिनीची डावी टाच सोललेली. ती एका दगडावर टेकली. विनीला वाटलं, ही पण बूट काढणार. वहिनीने खरंच काढला. पण पाय बुटाच्या तोंडावर तसाच धरून सरांना विचारलं, "पाऊल जमिनीला लागलं तरच बूट काढला असं धरता ना?" सर म्हणाले, हो. तिने कनवटीची पुडी सोडली, त्यातून विड्याची दोन पानं काढून टाचेवर उताणी बसवली, वर मोजा चढवला, पाय परत बुटात. ज्या वेलीत बूट चालत नाहीत, तिची पानं बुटात चालली. मोठ्या मनाची वेल.

साडेतीन तासांना अकरा मिनिटं बाकी होती तेव्हा ती माथ्यावर पोचली. दहात नववी. सरांनी घड्याळ बघितलं, वहीत नाव लिहिलं आणि म्हणाले, "खायला काय आणलंय? यादीत बदाम-पिस्ते सांगितले होते." वहिनीने केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी पुढे केली, घरच्या राजेळी केळ्यांची, मांडवावर वाळवलेली. पापडीचा माणूस! तीन खाल्ली आणि यादीतले बदाम स्वतःच्या हाताने खोडले.

उतरताना सगळे देवळाशी थांबले. मी आणि हिरामण तोवर तिथे परत येऊन, बराच वेळ वाट बघत असल्यासारखे बसलो होतो. वहिनीने बूट काढले, पाय धुतले, पायरीवर बसली आणि सॅक उघडली. मला वाटलं पाणी काढते आहे. तिने पहिला नारळ काढून दगडावर ठेवला.

"हा बाबूच्या गुडघ्याचा," म्हणाली आणि फोडला.

"वहिनी!" मी म्हणालो. "ते हिमेश्वराचे आहेत!"

"हा हंसाच्या नवऱ्याच्या बदलीचा." खाड. "हा सासूबाईंच्या मोतीबिंदूचा." खाड. "भावोजी, ते दोन द्या इकडे. हा नोकरी लागायचा, हा टिकायचा." एकेकाचं नाव आणि मागणं देवाला स्पष्ट ऐकू जाईल असं सांगत ती फोडत गेली. ते विनीला, बेसिल सरांना आणि उरलेल्या नऊ जणींनाही ऐकू गेलं. "आणि हा शेवटचा भावोजींचा. आमच्या आंब्याची फांदी त्यांच्या कुंपणावरून आणखी हातभर पलीकडे वाढू दे, म्हणून."

बेसिल सर माझ्याकडे बघून हसले. मी देवळाच्या कळसाकडे बघितलं.

खोबऱ्याचा प्रसाद घेऊन आम्ही आळीत पोचायच्या आत बातमी पोचली होती. या वेळी मी खरंच काही केलं नव्हतं, मी त्यांच्याबरोबरच चालत होतो. हिरामणच्या ओटीवर अख्खी आळी. विनी फॉर्म घेऊन बसलेली, हिरामणच्या हातात पेन. बाबू लंगडत पुढे आला. आमचे नारळ हिमालयाचे होते, तुंगारेश्वराला फोडायचा हिला अधिकार काय? हंसाचंही तेच. बदली दिल्लीहून व्हायची, तुंगारेश्वराचा वशिला तिथवर कसा पोचणार?

रखमाकाकीने हात वर केला तसे सगळे गप्प. तिने आधी मुलाकडे बघितलं. "हिरामण, हिमेश्वर हाय का नाय?"

हिरामणने पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं.

"तू सांग गो सुशीला. वरती देव हाय का नाय? आनि नाय तर कशाला जातेस?"

खोटं बोलली असती तर सही तिथल्या तिथे झाली असती. खरं बोलली तर काय होईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तिलाही नाही. पाय धुऊनही टाचेला विड्याची पानं अजून तशीच चिकटलेली होती. तिने जे उत्तर दिलं ते ऐकून रखमाकाकी पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि ती हसली म्हणून हिरामणने सही केली. वहिनी गेली आणि सांगितल्याप्रमाणे अठराव्या दिवशी परत आली. नाक काळं पडलं होतं आणि भाताला आधण तिनेच ठेवलं. फळीवर त्या दिवशी एकही जण नव्हता. त्या अठरा दिवसांत बाजारात पाटी हिरामणने नेली, त्यामुळे माझ्या बायकोने मला दोनदा विचारलं, की तुम्ही पाटी घेऊन कधी जाता. तो विषय वेगळा.

ते उत्तर मी माझ्या पदरचं काही न घालता, जसंच्या तसं देतो. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होतंय, तेव्हा नीट ऐका. सुशीलावहिनी म्हणाली:

"नाही. वर देव नाही. विनीबाईला मी पहिल्याच दिवशी तेच विचारलं होतं, आणि नाही म्हणाली म्हणून तर नाव दिलं. असता, तर तुमचे नारळ घेऊन जावं लागलं असतं."